मदत हवी आहे: दादाला आधी कुणाकडे न्यावं? (कोल्हापूर)

नमस्कार. इथं नुसती वाचायला येते, आज पहिल्यांदा लिहितेय.

माझा मोठा भाऊ शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे, वय ४२. दिवाळीपासून झोप उडालीय. पहाटे तीनला उठून अंधारात सोप्यात बसतो. तालीम सुटली, जेवण निम्म्यावर आलं, पोरांवर खेकसतो. आई दोनदा मीठ-मोहऱ्या ओवाळून मोकळी झाली. वहिनी म्हणते, आता डॉक्टरच बघायला हवा.

घोळ वेगळाच आहे. गेल्या महिन्यात त्याच्या कंपनीत ताणतणावावर कार्यशाळा झाली. दोन तास. दीर्घ श्वास, टाळ्या, फुगे फुगवून फोडायचे (वितळलेल्या लोखंडापाशी उभं राहणाऱ्यांना फुगे!). शेवटी एक प्रश्नावली: झोप लागते का, निराश वाटतं का. वर नाव आणि टोकन नंबर. दादानं खरं लिहिलं. ते कागद थेट एचआरच्या टेबलावर गेले. चार दिवसांत त्याची रात्रपाळी बंद, 'तुला आराम पडावा म्हणून'. भत्ता गेला तो गेलाच, वर सगळ्या शॉपमध्ये बोभाटा. आता समुपदेशन म्हटलं की एकच उत्तर, "एकदा खरं लिहिलं, बास झालं."

आधी मानसोपचारतज्ज्ञ की समुपदेशक? पाटी तर कुणीही लावतंय, पारखायचं कसं? वहिनीला सोबत बसता येतं का? आणि तिथं बोललेलं कंपनीपर्यंत जाणार नाही, हे त्याला कसं पटवू?

निवांत_काका:
ताई, या वाटेनं मी गेलोय. झोप आणि भूक दोन्ही गेलीय, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. ते डॉक्टर असतात, गरज असेल तर औषध देतात. थायरॉइडही तपासायला सांगतील, त्यानंही माणूस असा होतो. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. मी आठव्या दिवशी बंद केल्या होत्या, तसलं काही करू देऊ नका. सोबत समुपदेशन चालतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पैशाची ओढाताण असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. वहिनींना बसता येतं, पण दादा हो म्हणाला तर. पहिल्यांदा त्याला एकट्याला बोलू दे.

मरणाचे विचार येतात का, हे त्याला सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका, त्याच दिवशी न्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६, रात्रीही लागतो, फुकट, मराठीत बोलता येतं.

पेठकरीण:
मी एका कारखान्यात एचआरलाच आहे. असली प्रश्नावली निनावी असायला हवी, नावासकट घेणं चूकच. डॉक्टरांचं वेगळं असतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे. जिवाला धोका असला किंवा कोर्टानं मागितलं, असे मोजके अपवाद. बाहेरच्या डॉक्टरनं कंपनीला काही कळवायचा प्रश्नच येत नाही. पहिल्या भेटीत दादाला हेच स्वतः विचारू दे. तुम्ही सांगून पटणार नाही.

मूळ धागाकर्ती:
काका, विचारलं. आधी भडकला, मग "तसलं नाही, पण नकोसं झालंय" म्हणाला. राजारामपुरीत गुरुवारी संध्याकाळची वेळ मिळालीय. यायला तयार आहे. अट एकच, गाडी दवाखान्यासमोर नाही, दोन गल्ल्या सोडून लावायची.