महामारीतील माता मृत्यू : नाशिकच्या आदिवासी तालुक्यांचा कल कसा ठरवावा?

प्रश्न – गोदाकाठची विद्यार्थिनी

नमस्कार. मी नाशिकला समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात आहे आणि करोना काळातील माता मृत्यूंवर प्रबंध लिहीत आहे. नमुना नोंदणी पद्धतीच्या (निवडक गावे-वस्त्यांतील जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी) अहवालांनुसार महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे मातांचे मृत्यू 2014-16 मध्ये 61 होते. ते उतरत 2018-20 मध्ये 33 वर आले, 2019-21 मध्ये 38 झाले आणि 2020-22 मध्ये 36. देशाचा आकडा मात्र 2018-20 पासूनच्या या तीन अहवालांत 97, 93, 88 असा उतरतच गेला. राज्याच्या 33 ते 38 या अवघ्या पाचाच्या फरकाला वाढ म्हणावे का? आणि पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांचा त्या काळातला कल नाशिक शहराशी ताडून पाहायचा असेल, तर कोणत्या नोंदींवर भर द्यावा?

उत्तर – संख्याशास्त्राचा शिक्षक, नाशिकरोड

फरक पाचाचा दिसतो, पण तो कुठून आला हे पाहा. हे अहवाल तीन-तीन वर्षांचे एकत्रित असतात. 2018-20 आणि 2019-21 या दोन्हींत 2019 आणि 2020 ही वर्षे सामाईक आहेत. बदल एवढाच की 2018 बाहेर गेले आणि 2021 आत आले. दरवर्षीचे जन्म साधारण सारखे धरले, तर सरासरी पाचाने वर जाण्यासाठी 2021 चे प्रमाण 2018 पेक्षा सुमारे 15 ने जास्त असले पाहिजे. पुढच्या अहवालात 2019 च्या जागी 2022 आले आणि आकडा दोनाने उतरला, म्हणजे 2022 हे वर्ष 2019 पेक्षा सुमारे 6 ने खाली होते. नमुना मर्यादित असल्याने या गणितातून दिशा कळते, नेमका आकडा नव्हे. तरीही 2021 हे राज्यासाठी फार वाईट वर्ष होते आणि त्याचा भार तीन वर्षांत वाटला गेल्यामुळे तो सौम्य दिसतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

तालुक्याचे प्रमाण काढण्याच्या फंदात मात्र पडू नका. पेठची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 1 लाख 20 हजार होती. वर्षाला अडीच हजार जन्म धरले, तर एका मृत्यूने प्रमाण 40 होते आणि दोन झाले की 80. अशा आकड्यावरून कल ठरत नाही. तिथे प्रत्येक मृत्यूची कहाणीच वाचावी लागते.

उत्तर – निवृत्त आरोग्य सेविका, पेठ तालुका

सरांचे म्हणणे बरोबर आहे, आणि ती कहाणी कागदावर असते. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या कोणत्याही स्त्रीचा मृत्यू आशा कळवते. ती गरोदर होती का किंवा बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांच्या आत गेली का, हे विचारले जाते आणि मग माता मृत्यू अन्वेषण होते. त्या अर्जात पहिला त्रास कधी जाणवला, घरून केव्हा निघाले, गाडी केव्हा आली, कोणत्या दवाखान्यातून कुठे पाठवले, हे सगळे असते. ताई, तुम्ही या वेळा एकापुढे एक मांडा.

दुसरे असे की मृत्यू जिथे घडतो तिथे नोंदला जातो. आमच्याकडची अवघड बाळंतीण सावळ घाट ओलांडून नाशिकच्या सिव्हिलला जाते. ती तिथे दगावली तर मृत्यूची नोंद नाशिक शहरात होते आणि पेठ कोरे राहते. त्यात टाळेबंदीमुळे कामावरून गावी परतलेल्या आणि माहेरी आलेल्या बायका. मूळ राहण्याचे ठिकाण पाहिल्याशिवाय शहर आणि पाडे यांची तुलना करूच नये.

2020 च्या उन्हाळ्यातील एक माता-बाल संरक्षण कार्ड मला अजून आठवते. सहाव्या महिन्यापर्यंत वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी सगळे भरलेले, आणि पुढचे रकाने रिकामे. गावातला आरोग्य व पोषण दिवस बंद, आम्ही करोनाच्या घरोघर सर्वेक्षणात, आणि लोकांना दवाखान्याचीच धास्ती. त्या मुलीचे पाय सुजले होते. घरच्यांना ते गरोदरपणातले नेहमीचेच वाटले. तिला झटके आले तेव्हा गाडी करोनाचा रुग्ण घेऊन गेलेली होती. ती वाचली, म्हणून ती तुमच्या कोणत्याच आकड्यात नाही. अशा बायका किती असतील, याचाही प्रबंधात विचार करावा, ही कळकळीची विनंती.

उत्तर – स्त्रीरोगतज्ज्ञ, कॉलेज रोड

सेविकाताईंनी सांगितले ते पहिल्या लाटेचे स्वरूप आहे : विषाणूपेक्षा खंडित झालेली सेवा जास्त नडली. दुसऱ्या लाटेत विषाणूच गर्भवतींच्या जिवावर उठला. मुंबईच्या नायर रुग्णालयातील करोनाबाधित गर्भवती व प्रसूत स्त्रियांच्या अभ्यासात मृत्यूचे प्रमाण पहिल्या लाटेत 0.7 टक्के होते, ते दुसरीत 5.7 टक्के झाले. देशात गर्भवतींना लसीची परवानगी 2 जुलै 2021 रोजी मिळाली, म्हणजे ती लाट ओसरल्यावर; हा उशीर मला आजही सलतो. अमेरिकेतही दर लाख जिवंत जन्मांमागे माता मृत्यूंचे प्रमाण 2019 मध्ये 20.1, 2020 मध्ये 23.8 आणि 2021 मध्ये 32.9 होते, पुढच्या वर्षी ते 22.3 वर उतरले. त्यामुळे 2020 आणि 2021 यांना 'करोना काळ' म्हणून एकत्र करू नका. कारणेही वेगळी लावा : अतिरक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग ही प्रत्यक्ष कारणे, करोनाचा न्यूमोनिया अप्रत्यक्ष. चाचणी पॉझिटिव्ह होती एवढ्यावरून रक्तस्रावाने गेलेली बाई करोनाच्या खात्यात टाकली गेली असेल, तर तिला रक्त वेळेत का मिळाले नाही, हा प्रश्न कोणी विचारणारच नाही.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनापासून आभारी आहे. तालुकावार प्रमाणांचा तक्ता मी वगळते. नावे झाकलेले अन्वेषण अर्ज मिळावेत म्हणून जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाकडे रीतसर अर्ज करते आणि मृत्यू मूळ गावानुसार लावून 2020 व 2021 वेगळे ठेवते. सेविकाताई, मरणाच्या दारातून परतलेल्या स्त्रियांच्या नोंदी उपकेंद्रात कुठे सापडतील?

निवृत्त आरोग्य सेविका

उपकेंद्रात फार थोड्या. प्राथमिक आरोग्य केंद्राची संदर्भ सेवा नोंदवही (मोठ्या दवाखान्यात पाठवलेल्या रुग्णांची) मागा आणि ती रुग्णवाहिकेच्या नोंदवहीशी तारखेनुसार जुळवा. जिथे रुग्ण पाठवल्याची नोंद आहे पण गाडीची नाही, त्या घरी आधी जा.