प्रति: कानाच्या पाळीवरची गाठ कापून टाकावी का?
या प्रश्नावर कुणीतरी 'कापून टाका, विषय संपला' असं सुचवलंय, पण केलॉइडचं (जखमेचा व्रण गरजेपेक्षा जास्त वाढून, जखमेच्या हद्दीबाहेर पसरून झालेली गाठ) तसं नसतं. नुसतं कापलं तर निम्म्याहून अधिक वेळा गाठ परत येते, कधी आधीपेक्षा मोठी, कारण कापणं म्हणजे नवी जखमच. म्हणून नंतर स्टेरॉइड प्रकारच्या ट्रायअ‍ॅमसिनोलोनची इंजेक्शनं महिन्या-महिन्याने देतात. (दुखतात, सांगून ठेवते.)

इथे कुणी दाबाच्या क्लिपचा उल्लेख केला नाही. भाचीच्या पाळीवर दुसऱ्या छिद्रापाशी झालेली गाठ काढल्यावर डॉक्टरांनी अशीच क्लिप दिली. कुडीसारखी दिसते, पाळी दोन्ही बाजूंनी दाबून धरते. कित्येक महिने, झोपतानासुद्धा घालायची; कंटाळा येतो. आणि व्रण जखमेच्या हद्दीबाहेर पसरलाच नसेल, तर तो बहुधा केलॉइड नव्हे, तो हळूहळू आपोआप बसू शकतो.