भविष्यातल्या गाड्या काढणारे विज्ञानकथा वाचतात, की नुसत्या बघतात?

स्क्रूड्रायव्हर

परवा एक अगदी नवी इलेक्ट्रिक गाडी चालवायला मिळाली. आतून अंतराळयानच. पाऊस वाढला म्हणून वायपरचा वेग वाढवायला गेलो, तर दांडी नाही, बटण नाही, खटका नाही. समोर टीव्हीएवढा पडदा. एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने मेनू उघडत बसलो. रस्त्याकडे किती वेळ बघितलं नाही ते सांगत नाही, घरचेही हा धागा वाचतात.

तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते असं: आजच्या वस्तू आणि वाहनं घडवणारे लोक विज्ञानकथा वाचत नाहीत, बघतात. आणि दोन्हींत फार फरक आहे.

लिहिलेल्या कथेत लेखकाला यंत्र चालवून दाखवावं लागतं. ज्यूल व्हर्नने 1865 मध्ये माणसं तोफेतून चंद्राकडे उडवली. तोफेची लांबी 900 फूट आणि वेग सेकंदाला सुमारे 11 किलोमीटर, हे आकडे त्याने पुस्तकातच दिले. त्यामुळे शाळकरी पोरगंसुद्धा हिशोब मांडू शकतं की आतल्यांना गुरुत्वाच्या वीस हजारपट धक्का बसेल आणि तिघांचं भरीत होईल. व्हर्नलाही धक्क्याची शंका होतीच, म्हणून त्याने खाली पाण्याचा थर घातला. तो थर कुचकामी आहे, पण प्रश्न तर पडला! पडद्यावर असा प्रश्न पडत नाही. तिथे यंत्र दोन मिनिटं चांगलं दिसलं की काम झालं.

उदाहरण घ्या 'मायनॉरिटी रिपोर्ट' या 2002 च्या चित्रपटाचं. हवेत हात फिरवून फायली सरकवणारा नायक सगळ्यांना आठवतो. त्यानंतर कित्येक वर्षं हातवाऱ्यांवर चालणाऱ्या यंत्रांचं खूळ होतं. हात खांद्याच्या उंचीवर धरून दहा मिनिटं काम करून बघा. या दुखण्याला इंजिनिअर 'गोरिला आर्म' म्हणतात आणि चित्रपटाच्या कितीतरी आधीपासून ते त्यांना ठाऊक होतं. गंमत म्हणजे मूळ कथा 1956 ची आणि तिच्यात यंत्रातून बाहेर पडतात ती भोकं पाडलेली कार्डं. कार्डं कधीच कालबाह्य झाली. पण न घडलेल्या गुन्ह्यासाठी माणसाला धरावं का, हा कथेतला प्रश्न अजून ताजा आहे. आपण प्रश्न सोडला आणि हातवारे घेतले.

पाचर

साफ असहमत. चित्राला इतकं हिणवू नका.

सिड मीड आधी फोर्डमध्ये गाड्यांची चित्रं काढायचा, मग 1982 च्या 'ब्लेड रनर' या चित्रपटासाठी शहर आणि वाहनं काढली. त्याचं एक चित्र शंभर पानांचं काम करतं, कारण त्यात गाडीबरोबर ओला रस्ता असतो, माणसं असतात, दार कुठे उघडतं तेही असतं. गाडी घडवणारा माणूस रेषेत विचार करतो. त्याला परिच्छेद देऊन काय उपयोग?

आणि न चालणाऱ्या कल्पनांबद्दल: 1970 ची लान्चिया स्ट्रॅटोस झीरो ही इटालियन प्रदर्शनी गाडी बघा. उंची फक्त 84 सेंटिमीटर. आत शिरायचं तर पुढची काच उचलून! बाजारात विकायला अत्यंत मूर्ख गाडी. ती घडवणाऱ्या बेर्तोनेने ती चालवत थेट लान्चियाच्या कारखान्यात नेली आणि फाटकाच्या आडव्या दांड्याखालून सरळ आत घातली, असं सांगतात. पण त्याच वेडातून पुढे खरी स्ट्रॅटोस आली आणि 1974, 75, 76 अशी सलग तीन वर्षं जागतिक रॅली जिंकली. त्या दिवशी कुणी 'वायपरचं बटण कुठाय' विचारलं असतं तर काहीच झालं नसतं.

पान_उलटा

धागाकर्त्याशी सहमत, पण उदाहरण चुकलं. वाचनाचा उपयोग हिशोब करण्यापुरता नाही.

रॉबर्ट गॉडार्डने सोळाव्या वर्षी एच. जी. वेल्सची मंगळवासीयांच्या पृथ्वीवरच्या स्वारीची कादंबरी वाचली आणि तो आयुष्यभरासाठी झपाटला. त्या कादंबरीतले मंगळवासी येतात कसे? तोफेतूनच डागलेल्या नळकांड्यांतून. गॉडार्डने तोफ केली नाही. 16 मार्च 1926 रोजी त्याने द्रव इंधनाचं पहिलं रॉकेट उडवलं. ते अडीच सेकंद उडालं, सुमारे 12 मीटर वर गेलं आणि कोबीच्या शेतात पडलं. म्हणजे पुस्तकातून त्याने 'तिकडे जायचं' एवढंच घेतलं, 'कसं' ते स्वतः शोधलं. डोळ्यांसमोर पक्कं चित्र असतं तर कदाचित तोफच बनवत बसला असता. पुस्तकात चित्र नसतं हीच त्याची सोय. भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला व्हर्न वाचताना मी मनात जी पाणबुडी बांधली होती, ती पुढे एकाही चित्राशी जुळली नाही. अजूनही माझीच बरी वाटते.

हिशोबवही

तुम्ही सगळे कलेवर भांडताय. मी सुट्या भागांच्या खरेदीत वीसेक वर्षं काढली आहेत, म्हणून सांगते: तुमचं बटण विज्ञानकथेने नाही, हिशोबाने खाल्लं.

प्रत्येक बटणाला वेगळा साचा, वेगळी वायर, वेगळी तपासणी, शिवाय गोदामात त्याचा वेगळा खण. पडदा तर गाडीत बसवायचाच आहे, मग उरलेलं सगळं त्यातच कोंबा. डिझाइन उशिरा बदललं तरी सॉफ्टवेअर बदलून भागतं. 'भविष्य' हे त्यावर नंतर चिकटवलेलं लेबल.

आणि आता खरी मजा. 'स्टार ट्रेक'च्या 1987 च्या मालिकेतले ते गुळगुळीत, बटणं नसलेले फलक आठवतात? ते तसे होते कारण खरी बटणं आणि दिवे बसवायला पैसे नव्हते. छापील फलक, मागे दिवा, संपलं. त्याआधी 1966 च्या मूळ मालिकेत माणसं किरणांतून ग्रहावर उतरायची, तेही यान उतरताना दाखवायचा खर्च परवडत नव्हता म्हणून. म्हणजे एका काटकसरीचं चित्र दुसऱ्या काटकसरीला भविष्य म्हणून उपयोगी पडलं. यात वाचणाऱ्याचा किंवा बघणाऱ्याचा काय दोष?

स्क्रूड्रायव्हर

@हिशोबवही, हे मला माहीत नव्हतं. माझ्या मुद्द्याला याने सुरुंग लागतो की बळ मिळतं ते ठरवतोय. बहुधा बळच! कारण सेटवर पैसे वाचवायला केलेली गोष्ट कुणीतरी 'पुढारलेली' म्हणून उचलली, आणि तो फलक थरथरत्या यानात चालेल का हे विचारलं नाही.

समुद्रावर हे फार महागात पडलंय. 2017 मध्ये 'जॉन एस. मॅकेन' या अमेरिकी युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि 10 नौसैनिक गेले. सुकाणू आणि वेगाचं नियंत्रण पडद्यावर होतं. कोणतं नियंत्रण कोणत्या ठाण्यावर गेलंय याचा खलाशांचा गोंधळ उडाला. अपुरं प्रशिक्षण हेही कारण होतंच, नाही म्हणत नाही. पण नंतर नौदलाने वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायच्या दांड्या बसवायचं ठरवलं.

@पाचर, स्ट्रॅटोसचा मुद्दा मान्य. पण ते प्रदर्शनातलं वेड होतं. माझी तक्रार आहे ती प्रदर्शनातलं वेड गाळण न लावता माझ्या हातात देण्याबद्दल.

पाचर

गाळण आहे की. वारा.

इलेक्ट्रिक गाड्या सगळ्या एकाच साच्यातल्या साबणाच्या वड्यांसारख्या का दिसतात? वेग दुप्पट झाला की हवेचा रोध चौपट होतो, आणि बॅटरी मर्यादित. मग छप्पर मागे उतरतं आणि कडा गोल होतात. त्यात कोणाचं वाचनही नाही नि बघणंही नाही. टेस्लाच्या सायबरट्रकने मात्र कोनाकोनांचा हट्ट धरला. 'ब्लेड रनर'चं नाव तिच्या बाबतीत उघड घेतलं गेलं, आणि अनावरण झालं नोव्हेंबर 2019 मध्ये, म्हणजे चित्रपटातली गोष्ट घडते त्याच महिन्यात, त्याच शहराला लागून. पण तिचे पत्रे सपाट असण्यामागे साधं कारणही आहे: जाड, कठीण स्टेनलेस स्टील नेहमीच्या साच्यात दाबून गोल करणं अवघड. चित्र आणि धातू जुळले म्हणून ती निदान रस्त्यावर आली. मला ती आवडत नाही, तो भाग वेगळा.

रात्रपाळी

मी फारसं लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही. माझी दृष्टी बरीच अधू आहे. गुळगुळीत काच म्हणजे माझ्यासाठी भिंत, त्यामुळे बटणं हवीत याबद्दल माझी दोन मतं नाहीत. पण बोललेलं ऐकून उत्तर देणारं यंत्र आधी कथांतच भेटलं होतं, आणि आज मी फोन त्याच्याच जिवावर वापरते. ते पडद्यावरून आलं की पुस्तकातून, मला घेणं नाही. तुमच्या भांडणात कुठल्याही बाजूला बोटांना काय कळतं हे कोणी विचारलेलं दिसलं नाही. गाडी चालवणाऱ्याचे डोळेही रस्त्यावरच हवेत ना? म्हणजे मेनूपुरता तोही माझ्यासारखाच.

हिशोबवही

@रात्रपाळी, हे आमच्या बैठकीत कोणी बोललं असतं तर चार बटणं वाचली असती.

तुम्हा सगळ्यांसाठी एक बातमी: गाड्यांच्या सुरक्षिततेला तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेने 2026 पासून गुणांचे नियम बदललेत. इंडिकेटर, धोक्याचे दिवे, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदत यांना हाताने चालणारं वेगळं नियंत्रण नसेल तर पूर्ण पाच तारे मिळणं कठीण. तारे गेले की विक्री जाते. म्हणजे बटण आता खर्चाच्या नाही, कमाईच्या रकान्यात. बघा किती लवकर 'भविष्यात' परत येतं ते.

पाचर

अवांतर: @स्क्रूड्रायव्हर, वायपर सापडला का शेवटी?

स्क्रूड्रायव्हर

सापडला. 'आराम' नावाच्या मेनूत होता, आसनाच्या मसाजखाली. तोवर पाऊस थांबला होता.