पॅरिस ऑलिंपिक: सहा पदकं, सहा चौथे क्रमांक आणि आपलं 'थोडक्यात हुकलं'

निळी शाई

पॅरिसचा विषय निघाला की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "सहा पदकं म्हणजे काही कमी नाहीत." दुसरं, "नशीब आडवं आलं, नाहीतर बारा झाली असती." मला या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलायचंय, कारण त्याने आपलं नुकसान होतंय असं मला मनापासून वाटतं.

आधी हिशेब. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला आपले ११७ खेळाडू गेले. नीरज चोप्राचं एक रौप्य आणि पाच कांस्य, एकूण सहा. टोकियोत सात होती आणि त्यात नीरजचं सुवर्ण होतं. पदकतालिकेत आपण ७१ वे. आणि सहा ठिकाणी चौथे: अर्जुन बबुटा (एअर रायफल), मनू भाकर (२५ मीटर पिस्तूल), तिरंदाजीत धीरज आणि अंकिताची मिश्र जोडी, स्कीटमध्ये (हवेत सोडलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम) अनंतजीत आणि माहेश्वरीची जोडी, लक्ष्य सेन (बॅडमिंटन), मीराबाई चानू (वेटलिफ्टिंग).

या सहांना आपण एकाच दावणीला बांधतो आणि म्हणतो, थोडक्यात हुकलं. लक्ष्यचीच मॅच घ्या. उपांत्य फेरी, समोर अ‍ॅक्सेलसन. पहिल्या गेममध्ये लक्ष्य २०-१७ ने पुढे, म्हणजे तीन गेम पॉइंट हातात. गेम गेला २०-२२. दुसऱ्यात ७-० ची आघाडी, तोही गेला १४-२१. मग कांस्यपदकाच्या सामन्यात पहिला गेम २१-१३ असा खणखणीत जिंकला आणि पुढचे दोन्ही गमावले. दोन दिवसांत तीनदा आघाडी हातात आली आणि तिन्हीदा सुटली. याला नशीब म्हणणं हा त्या मुलावरही अन्याय आहे, कारण नशिबावर सराव करता येत नाही आणि आघाडी राखण्यावर करता येतो.

उत्साहाचे क्षण मी विसरलेलो नाही. ब्रिटनविरुद्ध हॉकीचा उपांत्यपूर्व सामना मी उभ्यानेच पाहिला. १७ व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, आणि उरलेला जवळजवळ पाऊण तास दहा जणांनी किल्ला लढवला. १-१, आणि मग शूटआउटमध्ये ४-२. श्रीजेश गोलसमोर हात पसरून उभा राहिला की गोल लहान वाटायला लागायचा. त्या दिवशी आपण जिंकलो ते नशिबाने, असं कोणी म्हणेल का? मग हरताना नशीब कुठून येतं?

सायंतारा

असहमत, अगदी मुळापासून.

चौथा म्हणजे जगात चौथा. १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं. त्यानंतर पुढचं वैयक्तिक पदक आलं १९९६ मध्ये, लिअँडर पेसचं. मधली ४४ वर्षं एकही नाही. तोच देश आज एका ऑलिंपिकमध्ये सहा वेळा चौथा येतो आणि आपण त्याला 'नुकसान' म्हणतो?

आणि हो, नशीब असतं. स्कीटचा निकाल होता ४३-४४. एका चकतीचा, म्हणजे एका 'कबुतरा'चा फरक! मीराबाईचं एकूण वजन १९९ किलो, तिसऱ्या आलेल्या थाई मुलीचं २००. शेवटचा ११४ किलोचा प्रयत्न फसला. इतक्या कमी फरकाने लागलेले निकाल शंभर वेळा पुन्हा घेतले तर निम्मे उलटे लागतील. लक्ष्यचं उदाहरण तुम्ही बरोबर दिलंत, पण एकट्या लक्ष्यवरून सगळ्यांना तोलू नका. शिवाय पुरुष एकेरीत ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय, हे तुमच्या परिच्छेदात कुठे आहे?

निळी शाई

सायंतारा, पहिल्या भारतीयाचा उल्लेख राहिला. माझी चूक, मान्य.

स्कीटबद्दल मागे हटतो. मीराबाईबद्दलही, कारण ती दुखापतींतून सावरून तिथवर आली होती. पण बबुटाबद्दल नाही. तो दुसऱ्या-तिसऱ्या स्थानावर खेळत होता आणि कोण बाद होणार ते ठरायच्या वेळी ९.५ चा शॉट गेला. एअर रायफलच्या फायनलमध्ये ९.५ म्हणजे फार मोठी घसरण, तिथे १०.३ सुद्धा साधा मानतात. त्या एका शॉटच्या वेळी श्वास, ट्रिगरवरचं बोट आणि डोकं यांचं काय होतं, यावर काम करणारी माणसं लागतात. ते काम झालं की नाही, एवढंच मी विचारतोय.

तालीमवाला

दोघांच्या चर्चेत कुस्तीतली विनेश फोगाट कुठेच नाही, म्हणून लिहितोय. माझ्यासाठी पॅरिसचा सर्वात वरचा आणि सर्वात खालचा क्षण एकाच मुलीचा आहे, आणि दोन्हींमध्ये एका दिवसाचंही अंतर नाही.

६ ऑगस्टला पहिलीच कुस्ती युई सुसाकीशी. टोकियोची सुवर्णविजेती, आंतरराष्ट्रीय कुस्तीत तोवर एकदाही न हरलेली. विनेश ०-२ ने मागे आणि काही सेकंद उरलेले. तेवढ्यात तिने डाव टाकला आणि ३-२ ने मारली. मी तालमीत वाढलेला माणूस आहे, तरी हा निकाल मला दोनदा वाचावा लागला. त्याच दिवशी युक्रेनची आणि क्युबाची मल्ल पाडून ती फायनलला. गटाची मर्यादा ५० किलो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावर ५० किलो आणि वर १०० ग्रॅम.

लोक सहज म्हणतात, "शंभर ग्रॅम कमी करता येत नाहीत?" मी तरुणपणी गादीवर खेळायचो. वजनाच्या आदल्या रात्री अंगात दोन स्वेटर, त्यावर प्लास्टिकचा रेनकोट घालून पळायचो. पाणी तोंडात घ्यायचं, खुळखुळवायचं आणि थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. शेवटी शेवटी थुंकीही येत नाही, जीभ टाळूला चिकटते. घाम यायचा बंद होतो, आणि घाम बंद झाला की काटा जागचा हलत नाही. शेवटचे शंभर ग्रॅम पहिल्या दोन किलोंपेक्षा जड असतात. विनेशचं वजन तीन कुस्त्यांनंतर २.७ किलो जास्त भरत होतं, कारण लढायचं तर खायला-प्यायला लागतंच. रात्रभर ती झोपली नाही. केससुद्धा कापले. अजून काय करायचं होतं तिने?

आणि नियम काय, तर अपात्र आणि थेट शेवटचा नंबर. पहिल्या दिवशी वजन बरोबर होतं, तीन कुस्त्या नियमात जिंकल्या, मग त्या तीन कुस्त्या पुसायच्या कशासाठी? रौप्य तिचंच होतं. क्रीडा लवादाने १४ ऑगस्टला दावा फेटाळला, पण माझ्या मनातून ते पदक काही जात नाही.

रानवारा

तालीमवाला, तुमचं लिहिणं वाचून गलबलून आलं. तरीही विरोधात लिहिते.

नियम जगातल्या प्रत्येक मल्लाला तोच होता. दोन्ही दिवस वजन, आणि ऑलिंपिकमध्ये एका ग्रॅमचीही सूट नाही. हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं. विनेश त्याआधी ५३ किलोच्या गटात खेळायची. जी मुलगी मुळात जड, तिने ५० मध्ये उतरायचं तर दुसऱ्या सकाळचं वजन हाच खरा सामना, हे तिच्या सोबतच्या माणसांना कळायला हवं होतं. तिच्या हिमतीबद्दल मला शंका नाही, मला राग आहे तो नियोजनाचा. आणि जवळचंच उदाहरण बघा. अमन सेहरावत, २१ वर्षांचा मुलगा, उपांत्य फेरी हरल्यावर त्याचं वजन मर्यादेपेक्षा साडेचार किलोंहून जास्त भरलं होतं. प्रशिक्षकांनी रात्रभर जागून दहा तासांत ते उतरवलं, सकाळी काट्यावर तो पास झाला आणि १३-५ ने कांस्य घेऊन आला. म्हणजे होऊ शकतं.

तालीमवाला

अमनचं वजन उतरलं ते विनेशच्या घटनेनंतर दोनच दिवसांनी. सगळे हादरलेले होते, कोणाची डोळा मिटायची हिंमत नव्हती. आणि शरीर शरीरात फरक असतो. विनेशच्या गुडघ्याचं ऑपरेशन वर्षभरापूर्वीच झालेलं.

५३ चं म्हणाल तर तिथली भारताची जागा अंतिम पंघाल या मल्लाने २०२३ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य जिंकून मिळवली होती. एका वजनगटात एका देशाची एकच मल्ल. विनेश ५० मध्ये हौसेने नाही गेली.

नियोजनात चूक झाली असेल, तुमचं ते म्हणणं मी खोडत नाही. पण जिंकलेल्या कुस्त्या पुसणारा नियम बरोबर आहे, हे मी मरेपर्यंत मान्य करणार नाही.

पळती

मी मैदानी खेळ बघते, म्हणून तेवढ्यापुरतंच. निळी शाईंचा मुद्दा मला पटतो, फक्त त्यांनी उदाहरण चुकीचं निवडलंय. पदकाच्या जवळ पोचलेल्यांपेक्षा, त्या दिवशी स्वतःच्या सर्वोत्तम कामगिरीपर्यंत किती जण पोचले ते मोजा.

अविनाश साबळे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याचा. ३००० मीटर स्टीपलचेसच्या ऑलिंपिक फायनलमध्ये धावलेला पहिला भारतीय पुरुष. त्या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ वेळा पाण्यावरची उडी असते. बाकीच्यांच्या टाचा चुकवत, ओल्या बुटांनी ती धावायची. जुलैत त्याच पॅरिस शहरात डायमंड लीगला तो ८:०९.९१ धावला, राष्ट्रीय विक्रम. महिनाभराने ऑलिंपिक फायनलला ८:१४.१८ आणि अकरावा. सव्वाचार सेकंद कुठे गेले? मला हे कोणीतरी समजावून सांगावं असं फार वाटतं, कारण त्याच्या कष्टात कमी नव्हती.

उलट नीरज बघा. सहापैकी पाच फेकी फाउल. एकच वैध, ती ८९.४५ मीटर, टोकियोच्या सुवर्णापेक्षा जवळजवळ दोन मीटर पुढे. अर्शद नदीमने ९२.९७ चा ऑलिंपिक विक्रम केला, त्याला कोण काय करणार! ते रौप्य मी पराभव मानतच नाही.

सायंतारा

पळती, तुमच्याच आकड्यांवरून सांगते. त्या फायनलमध्ये कांस्य ८:०६.४७ ला गेलं. साबळे स्वतःच्या विक्रमाइतका धावला असता तरी पदक नव्हतं. मग 'त्या दिवशी सर्वोत्तम' ही मोजपट्टी लावून मिळतं काय? फायनलची लढत डावपेचांची असते, तिथला वेळ आणि डायमंड लीगचा वेळ यांची तुलना होत नाही.

पळती

पदक मिळालं असतं असं मी म्हटलंच नाही. अकराव्याचा कदाचित आठवा झाला असता. मला त्या आठव्याचीही किंमत वाटते.

डब्बल बार

स्वप्नील कुसाळेवर एकानेही लिहिलं नाही याचं वाईट वाटलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी. ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये भारताचं पहिलं ऑलिंपिक पदक, तेही खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या मुलाने आणलेलं वैयक्तिक पदक.

पात्रता फेरीत तो ५९० गुणांनी सातवा, जागा आठच. फायनलमध्ये आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून नेम. त्या दोन टप्प्यांनंतर तो पाचवा होता. सगळ्यात अवघड उभ्याचा टप्पा शेवटी येतो. कोपराला जमिनीचा आधार नाही, हातातली जड रायफल श्वासाबरोबर हलते. तिथे तो पाचव्याचा तिसरा झाला. ४५१.४. निळी शाई म्हणतात ते 'शेवटच्या क्षणी डोकं शांत ठेवणं' हेच. शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो २००९ पासून, म्हणजे पंधरा वर्षं. आपल्याला चौथ्याचे तिसरे हवे असतील तर पंधरा वर्षं थांबायची तयारी पाहिजे.

रानवारा

+१. आणि पॅरालिंपिक का वगळलंत सगळ्यांनी? तेच पॅरिस, तीच मैदानं, २९ पदकं आणि त्यात ७ सुवर्ण. टोकियोत १९ होती. सांगलीच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत १६.३२ मीटरचं रौप्य आणलं. उतार-चढावाचा हिशेब मांडायचा तर हा चढाव कोणत्या खात्यात?

निळी शाई

रानवारा, वगळायला नको होतं. त्या २९ वर वेगळं आणि सविस्तर लिहायला हवं, मी लिहीन.

लक्ष्यचे मार्गदर्शक प्रकाश पदुकोण यांनी त्याच्या सामन्यानंतर म्हटलं होतं की सरकार आणि संघटनांनी त्यांचं काम केलंय, आता जबाबदारी खेळाडूंनीही घ्यावी. तेव्हा मला ते शंभर टक्के पटलं होतं. तालीमवाला आणि डब्बल बार यांचं वाचून आता तितकं पटत नाही. स्वप्नीलच्या मागे पंधरा वर्षं होती, विनेशच्या मागे त्या रात्री काय होतं ते आपण पाहिलंच. लक्ष्यबद्दलचं मत मात्र बदललेलं नाही, २०-१७ वरून तो गेम जायला नको होता. त्या कांस्यपदकाच्या सामन्यात त्याच्या कोपरातून रक्त येत होतं, मधे थांबून पट्टी बांधावी लागत होती. ते बघतानाही मी टीव्हीकडे बघून हेच म्हणत होतो की पोरा, आघाडी सोडू नकोस.

तालीमवाला

लक्ष्य तेव्हा २२ वर्षांचा होता. २०२८ ला लॉस एंजेलिस आहे. हा धागा तोवर राहू द्या.