सूत्र आधी की अंदाज आधी?

मूळ मत
भौतिकशास्त्राच्या तासाला सूत्र फळ्यावर येण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने आपला अंदाज कारणासह लिहून द्यावा, असे माझे मत आहे. सरळ वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर असताना त्याच्यावर कोणते बल असते, असे विचारले, तर गतीची समीकरणे तोंडपाठ असलेली मुलेही ‘काहीच नाही’ असे लिहितात. गुरुत्वाकर्षण तिथेही असतेच; पण वेग शून्य म्हणजे बलही शून्य, हा समज समीकरणांच्या आड सुखाने नांदत असतो. अमेरिकेतील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक रिचर्ड हेक यांनी १९९८ मध्ये भौतिकशास्त्राच्या ६२ वर्गांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे निकाल पडताळले, तेव्हा सुधारणेला जितका वाव होता त्यापैकी व्याख्यानप्रधान वर्गांनी सरासरी २३ टक्के, तर चर्चाप्रधान वर्गांनी ४८ टक्के साधला होता.

प्रतिसाद : गणित शिक्षक
ही आकडेवारी शिक्षकांनी स्वतःहून पाठवलेली होती आणि विद्यार्थ्यांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, हे विसरू नये. शिवाय माझी अडचण निराळी आहे. चेंडूबद्दल मुलाचा काही तरी समज आधीच असतो. वर्गसमीकरणाबद्दल तो काय अंदाज बांधणार? स्वेलर आणि कूपर या शिक्षण-संशोधकांनी १९८५ मध्ये बीजगणितावर प्रयोग केले, त्यांत नवशिक्यांना नुसती उदाहरणे सोडवायला देण्यापेक्षा सोडवून दाखवलेली उदाहरणे अभ्यासायला देणे सरस ठरले. पायरीच ठाऊक नसलेल्या मुलाला ‘शोधून काढ’ म्हणणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकलणे होय.

मूळ लेखकाचे उत्तर
‘शोधून काढ’ असे मी कुठेही म्हटलेले नाही. अंदाज लिहायला दोन मिनिटे, शेजाऱ्याशी वाद घालायला तीन, आणि त्यानंतर शिक्षकाने स्पष्ट, क्रमवार विवेचन करायचेच आहे. बीजगणितातही समज असतातच: (अ + ब)² म्हणजे अ² + ब², असे लिहिणारी मुले तुमच्याही वर्गात असतील. अ = ३, ब = ४ घेऊन आधी दोन्ही बाजूंचे अंदाज मागवा; ४९ आणि २५ समोरासमोर आले की (अ + ब) बाजूच्या चौरसाचे चार तुकडे करून दाखवण्याची गरज मुलांनाच भासते. (हे तुकडे आधीच दाखवले, तर मुले ते वहीत नीट उतरवतात आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक करतात, हा माझा अनुभव आहे.)

प्रतिसाद : गणित शिक्षक
चौरसाचे उदाहरण मान्य. तिथे चूक ठरावीक आहे, म्हणून प्रश्नही नेमका विचारता येतो. परंतु त्रिकोणाच्या एकरूपतेची सिद्धता प्रथमच लिहिताना चुका शंभर प्रकारच्या होतात आणि पाच मिनिटांच्या वादातून त्यांतली एकही सुटत नाही. तिथे मी आधी दोन सिद्धता पूर्ण लिहून दाखवतो, तिसरीतील दोन ओळी रिकाम्या ठेवतो आणि चौथी मुलांकडे सोपवतो. तुमची अंदाजाची दोन मिनिटे मी त्या रिकाम्या ओळींसाठी वापरून पाहीन. पहिल्याच सिद्धतेसाठी मात्र नाही.