मदत हवी आहे: हेपारिन चालू असताना वॉर्फेरिनची गोळी कशाला? आणि टाकळ्याच्या भाजीचं काय सांगू?

मी जीएनएम म्हणजे नर्सिंगच्या सेकंड इयरला आहे, सिंधुदुर्गात. सध्या मेडिसिन वॉर्डला पोस्टिंग आहे. एक आजी आहेत, पायाच्या शिरेत गुठळी म्हणजे डीव्हीटी, हेपारिन चालूच आहे आणि काल संध्याकाळपासून वॉर्फेरिनची गोळी पण सुरू केली. त्यांच्या मुलाने विचारलं की दोन्ही रक्त पातळ करायचीच औषधं ना, मग दोन दोन कशाला, आणि मला काही सांगताच आलं नाही. पाठ सगळं आहे हो, हेपारिनला एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) बघायचं आणि अँटिडोट म्हणजे उतारा प्रोटामिन, वॉर्फेरिनला आयएनआर (तशीच दुसरी टेस्ट) आणि अँटिडोट व्हिटॅमिन के, पण दोन्ही एकत्र का ते डोक्यात बसत नाही.

दुसरं म्हणजे आजींनी विचारलं, "गो चेडवा, टाकळ्याची भाजी खाल्ली तर चलात मां?" मी घाईत सांगून टाकलं पालेभाजी एकदम बंद. त्यांचा चेहराच पडला, पावसात आमच्याकडे टाकळा, अळू, शेवग्याचा पाला हेच तर असतं. नंतर सिस्टर म्हणाल्या बंद नाही सांगायचं, पण तेवढ्यात अ‍ॅडमिशन आली आणि विचारायचं राहिलं. उद्या सकाळी ड्युटी आहे, आजींना नीट सांगायचंय, प्लीज कोणीतरी समजवा.

उत्तर:
अगं, वॉर्फेरिन रक्तात आधीच असलेल्या फॅक्टर्सना, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांना, हात लावत नाही. लिव्हरमध्ये व्हिटॅमिन के वापरून 2, 7, 9, 10 हे फॅक्टर बनतात, ते नवीन बनणं थांबवतं. जुने संपायला काही दिवस जातात, आणि प्रोटीन सी, जे गुठळी रोखतं, ते मात्र लवकर कमी होतं, म्हणजे सुरुवातीला उलट गुठळीचाच धोका. तेवढे दिवस हेपारिन सांभाळतं कारण ते लगेच काम करतं. म्हणून कमीत कमी 5 दिवस दोन्ही, आणि आयएनआर 2 च्या वर जाऊन 24 तास टिकला की मगच हेपारिन बंद, तेही डॉक्टरांच्या ऑर्डरने.

टाकळा खाऊ दे त्यांना. पालेभाजीत व्हिटॅमिन के असतं, म्हणून फक्त रोज साधारण सारखाच. आठवडाभर काहीच नाही आणि मग एकदम टोपभर असं केलं की आयएनआर वरखाली होतो, डोस त्यांच्या जेवणाप्रमाणेच बसवतात. आणि एक विचारच, गुडघ्यासाठी कुठली दुखण्याची गोळी घेतात का, त्याने वॉर्फेरिनवर रक्तस्राव होऊ शकतो. भाजीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटते. हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवीला लाल, काहीही दिसलं तर लगेच यायला सांग.

पुन्हा मी:
ताई, खूप खूप थँक्यू. सकाळी विचारलं तर उशाखालच्या पिशवीतून डायक्लोफिनॅक या दुखण्याच्या गोळीची अर्धी पट्टी निघाली, काल रात्री पण एक घेतली होती म्हणे. लगेच सिस्टरना दाखवली, डॉक्टरांनी ती बंद करून आजचं आयएनआर लवकर मागवलंय. टाकळ्याचं सांगितलं तेव्हा आजींनी माझा हातच धरून ठेवला.