शिक्षिका आमदार झाली, तर पहिलीच्या पोरांच्या पदरात काय पडतं?

पाटीपेन्सिल:
जिल्हा परिषदेच्या शाळेत २६ वर्षं शिकवून मी निवृत्त झाले. आमच्या भागातल्या एका माजी मुख्याध्यापिकेनं विधानसभा लढवावी असा काही पालकांचा आग्रह चाललाय. निम्मं गाव म्हणतं, "बाईंनी या चिखलात कशाला पडायचं?" मी म्हणते, पडायलाच हवं.

का, ते सांगते. आमची शाळा द्विशिक्षकी. सोबतचे गुरुजी मतदारयादीच्या कामाला गेले की पहिली ते चौथी माझ्या एकटीपुढे. अशाच एका दिवशी पहिलीतल्या एका मुलीला 'ळ' गिरवायला देऊन मी चौथीचा भागाकार घ्यायला वळले. परत आले तेव्हा तिनं पाटीभर ळ काढून, पुसून, पुन्हा पाटी भरली होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ळ उलटा. बोटं पांढरी झाली होती आणि ती माझी वाट बघत होती.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नका म्हणतं, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढं वगळून. ती पाटी जिनं पाहिलीय अशी कुणीतरी सभागृहात बसायला हवी.

मागचा बाक:
ताई, प्रसंग वाचून पोटात तुटलं. पण शिक्षण हक्क कायदा २००९ साली संसदेनं केलाय. तुमच्या बाई विधानसभेत जाऊन कलम २७ कसं बदलणार? आणि पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, हेही त्याच कायद्याच्या अनुसूचीत आहे. चुकीच्या दारावर थाप मारून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे पक्षादेश. १९८५ ला पक्षांतरबंदी आली तेव्हापासून व्हिप मोडून मत दिलं तर आमदारकीवर गंडांतर येतं. वर्गात बाईंचा शब्द शेवटचा असतो. सभागृहात मतदानाच्या वेळी शब्द पक्षाचा चालतो. चांगल्या शिक्षिकेची तिथं घुसमट होईल, आणि शाळा एका चांगल्या माणसाला मुकेल.

पाटीपेन्सिल:
कलम २७ चं मान्य. पण दोन शिक्षक हे *किमान* आहे. तिसरा द्यायला राज्याला कुणी अडवलेलं नाही. पदं किती मंजूर करायची, कधी भरायची, संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून कुठल्या शाळेला किती शिक्षक हे ठरवणं, कुठल्या निकषावर करायची, हे मुंबईत ठरतं. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या शासन निर्णयावरून शिक्षक रस्त्यावर उतरले, ते राज्य सरकारविरुद्धच. म्हणजे थाप योग्य दारावरच आहे.

आणि व्हिप मतदानाला असतो. तारांकित प्रश्न (मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा) विचारायला, लक्षवेधी सूचना लावायला कुठला व्हिप आडवा येतो? नेमका प्रश्न विचारायला मात्र आतलं ठाऊक असावं लागतं. "शिक्षकांची पदं रिक्त आहेत काय?" असं विचारलं तर "कार्यवाही सुरू आहे" एवढंच उत्तर येणार. "अमुक तालुक्यात एकच शिक्षक हजर असलेल्या शाळा किती, आणि तिथला दुसरा शिक्षक कुठल्या कामावर आहे?" असं विचारलं तर खात्याला आकडा द्यावा लागतो.

उंबरठा:
प्रश्नाचा मुद्दा शंभर टक्के पटला.

सातबारा:
मी विरोधात आहे, आणि का ते स्पष्ट लिहितो. शिक्षकांचे प्रतिनिधी आपण कितीतरी वर्षं पाहतोय. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघाच्या. तिथून वर्षानुवर्षं ऐकू काय येतं? अनुदानाचे टप्पे, जुनी पेन्शन, बदल्या. मागण्या खोट्या नाहीत. पण चौथीच्या पोराला वाचता येत नाही यावर तितक्याच त्वेषानं सभागृह डोक्यावर घेतलेलं मला आठवत नाही. साहजिक आहे, मत शिक्षकाला आहे, पोराला नाही. तुमच्या बाईही आमदार झाल्या की संघटनेच्याच होतील.

पाटीपेन्सिल:
सातबारा, त्या मतदारसंघाबद्दल एक सांगू? घटनेचं कलम १७१ आणि १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा यांप्रमाणे तिथं मत माध्यमिक किंवा त्यावरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांनाच, तेही मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असेल तर. उमेदवार मात्र शिक्षक असलाच पाहिजे असं नाही. मी २६ वर्षं मुलांना अक्षरओळख करून दिली. इतक्या वर्षांत त्या मतदारसंघात एकदाही मत देता आलं नाही. म्हणून तर म्हणते, बाईंनी विधानसभा लढवावी. तिथं मत मागायला पालकाच्याच दारात जावं लागेल.

तासिका:
सातबारा, "पेन्शन, अनुदान" हे तुम्ही बाजूला सारल्यासारखं लिहिलंय, ते लागलं. मी विनाअनुदानित शाळेत गणित शिकवायचो. पहिली काही वर्षं पगार म्हणून हातात काही नाही. रात्री टेम्पो चालवायचो आणि सकाळी सातला बीजगणित. एकदा फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता उभ्यानं डोळा लागला आणि खडू हातातून पडला. एक पोरगा उठला, खडू उचलून माझ्या हातात दिला, आणि वर्गातलं कुणी एक अक्षर बोललं नाही. त्या मुलांना त्या दिवशी काय शिकायला मिळालं? शिक्षकाचा पगार हा मुलांचाच प्रश्न आहे, सर.

सातबारा:
तासिका सर, तुमच्या बाबतीत माझा शब्द चुकला, मागे घेतो. मुद्दा मात्र सोडत नाही. पगार आणि मूल जिथं एका बाजूला असतात तिथं अडचणच नाही. दुर्गम शाळेवरून शिक्षकाला बदली हवी आहे आणि मुलांना तोच शिक्षक हवा आहे, तेव्हा आमदारबाई कुणाच्या?

नदीकाठ:
दोन उदाहरणं देते. के. के. शैलजा केरळात हायस्कूलच्या शिक्षिका होत्या. २००४ ला नोकरी सोडून पूर्णवेळ राजकारणात आल्या, २०१६ ला आरोग्यमंत्री झाल्या. २०१८ चं निपाह आणि पुढे कोविडची सुरुवात त्यांनी कशी हाताळली ते सगळ्यांनी पाहिलं. रोज लोकांसमोर येऊन, न घाबरवता, समजेल असं सांगायचं, ही वर्गातलीच सवय असं मला वाटतं. २०२१ ला मट्टन्नूरमधून ६०,९६३ च्या फरकानं निवडून आल्या. दुसऱ्या द्रौपदी मुर्मू. रायरंगपूरला शिकवत होत्या, १९९७ ला नगरसेविका, २००० ला आमदार. केरळ आणि ओडिशात विधान परिषदच नाही. दोघीही सर्वसाधारण मतदारांतून आल्या, म्हणजे पाटीपेन्सिल ताई म्हणतात तोच रस्ता.

मागचा बाक:
पण त्याच निवडणुकीनंतर शैलजांना मंत्रिमंडळात घेतलं नाही, हेही लिहा. एवढ्या मताधिक्यानंतरसुद्धा निर्णय पक्षाचाच. आणि मुर्मू यांच्याकडे ओडिशात वाणिज्य-वाहतूक, मग मत्स्य आणि पशुसंवर्धन. शिक्षिकेला शिक्षण खातं मिळतं हा आपला समज आहे.

नदीकाठ:
खातं मिळेलच असं मी म्हटलं नव्हतं. पक्षाचं मात्र खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पाटीपेन्सिल:
सगळ्यांचं दोनदा वाचलं. मी अजून बाईंच्याच बाजूची आहे. पण सातबारांचा बदलीचा प्रश्न रात्रभर डोक्यात राहिला, कारण मीही एकदा दुर्गम शाळेवरून बदली मागून घेतली होती. घरी सासूबाई आजारी होत्या, कारण खरं होतं. तरी निघायच्या दिवशी तिसरीतली पोरं एसटीपर्यंत आली, आणि माझ्या जागेवर पुढचं अख्खं सत्र कुणी आलं नाही हे मला नंतर कळलं.

रविवारी बाईंकडे जाणार आहे. पाठिंब्याचं बोलायच्या आधी तोच प्रश्न त्यांच्यापुढे ठेवणार: संघटना एक मागते आणि मुलांना दुसरं हवंय, तेव्हा तुम्ही कुणाच्या? जे म्हणतील ते इथं जसंच्या तसं लिहीन.